दुनळीच्या जागी ऊस

१

दसऱ्याच्या सकाळी देवघरातल्या शस्त्रांवरचं लाल फडकं मी उचललं, तर पाटलांच्या लाडक्या बंदुकीला नळ्याच नव्हत्या. लाकडी दस्ता होता, दोन्ही घोडे होते, नळ्यांखालचं लाकूडही नीट बाजूला ठेवलेलं होतं, आणि सगळ्यावर आदल्या दिवशी मी लावलेलं हळदकुंकू जसंच्या तसं. नळ्यांच्या जागी मात्र उसाची दोन कांडं शेजारीशेजारी निजवलेली. बंदूक जशी काही आता पाहुण्यांना रस पाजणार.

पाटील म्हणजे माझे मालक. कुणाच्या नवऱ्याला पत्त्यांची हौस असते, कुणाच्या नवऱ्याला तमाशाची. माझ्या वाट्याला बंदुकांची हौस आली. संस्थानं बुडाली तेव्हा लहानमोठ्या राजांच्या घरचं सामान विकायला निघालं. लोकांनी आरसे घेतले, झुंबरं घेतली. आमच्या घरी तीन जुन्या दुनळ्या, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुका आल्या, तिन्ही परवान्याच्या. त्यातली ही विलायती, पाटलांच्या आज्यापेक्षा वयानं मोठी. हिच्या नळ्या सरळ ओतलेल्या नाहीत. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेल्या. दमास्कसची नळी म्हणतात तिला. तापीच्या पाण्यावरून वारा गेला की जशा बारीक लाटा उठतात, तशी नक्षी त्या लोखंडावर दिसते. पाटील ती नक्षी पाहत बसले की जेवायला दोनदा बोलवावं लागतं.

पण हौस असली तरी शिस्त होती, ते कबूल केलं पाहिजे. भरलेली बंदूक घरात यायची नाही. हातात घेतली की आधी बिजागरीवर मधून मोडायची आणि दोन्ही नळ्यांतून उजेड पाहायचा. नळीचं तोंड माणसाकडे तर नाहीच, म्हशीकडेसुद्धा करायचं नाही. नळ्या एका कपाटात, दस्ता दुसऱ्या कपाटात आणि काडतुसं माझ्या स्वयंपाकघरात, मिरच्यांच्या पिंपामागे. तिथं हात घालायची कुणाची छाती नाही.

वर्षातून एकदाच बंदूक जोडून बाहेर राहायची, ती खंडेनवमीला. त्या दिवशी तिला तेल लावून पाटावर मांडायची, पूजा करायची आणि फडकं घालायचं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गावाच्या वेशीवर पहिला बार काढायचा, आणि पाटलांच्या हट्टानं तो हिचाच. आणि घरात नवा जावई असेल तर तो बार जावयाचा. हा मान आमच्या घरी पाटलांच्या बापापासून चालत आलेला.

त्या साली जावई नवा होता. माझी मीना नवापूरला दिलेली, तिचा नवरा मगनलाल पहिल्या दसऱ्याला आलेला.

मी हाक मारली तशी सगळी धावत आली. पाटील सगळ्यात पुढे, नवा काळा कोट घालून तयार. त्यांच्या बाहीवर कापसाचा पुंजका चिकटला होता, तो काढत काढतच मी पाटाकडे बोट दाखवलं. मागून माझा दीर चुनीलाल, खादीतला. त्याच्या मागे जावई. आणि शेवटी पाटलांचे दोस्त जालमसिंग गिरासे, जे दर दसऱ्याला पाहुणे म्हणून येतात आणि दर दसऱ्याला ही बंदूक विकत मागतात.

घरातलं घरात राहिलं असतं. पण हवालदार सणाच्या बंदोबस्ताला गावात आलेला होता, आणि दरवर्षीप्रमाणे जेवायला आमच्याकडेच. चुनीलालला पोटात काही ठेवता येत नाही. त्यानं अंगणात जाऊन सगळं सांगून टाकलं.

हवालदारानं पहिलाच सवाल केला, रात्री दारात कोण होतं. आमचा रखवालदार डोंगरसिंग ओट्यावरून उठून उभा राहिला. मीना पाळण्यात होती तेव्हापासून तो आमच्या दारात झोपतो.

"मी व्हतू साहेब. रातभर जागा व्हतू. कोनी ऊना नही, कोनी गया नही."

"बाहेरचा कुणी आला नाही म्हणतोस," हवालदार म्हणाला, "मग तूच की."

२

हवालदारानं सरळ सांगितलं, परवान्याच्या हत्याराची गोष्ट आहे, जेवण झालं की डोंगरसिंगला नंदुरबारला नेतो.  डोंगरसिंगनं पागोटं सोडलं आणि पुन्हा बांधलं, घट्ट.

तो वाद का घालत नाही ते मला माहीत होतं. गोऱ्याच्या राज्यात त्याच्या बापाला रोज संध्याकाळी चौकीवर हजेरी द्यावी लागे. का, तर भिल्ल म्हणून. पोराला बोटाशी धरून नेई. तो हजेरीचा कायदा उठला, पण नजर उठली नाही. एकदा याला दोरी लागली की गावात कुणाची कोंबडी हरवली तरी लोक त्याच्याच दाराकडे पाहणार, आणि त्याची लेक उजवायची होती. खरं बोलला म्हणून अडकला. कोणीतरी मागच्या भिंतीवरून उतरलं असं खोटं सांगितलं असतं, तर सुटला असता.

हवालदार म्हणाला, जेवण झालं की. बरं. जेवण कधी व्हायचं ते माझ्या हातात होतं. खापरावरचे मांडे करायचे होते. मांडा हातावर मोठा करायला वेळ लागतो, खापर तापायला वेळ लागतो, आणि बाईच्या मनात असेल तर पुरणाची डाळ दिवसभर शिजत नाही. मी चुलीतली दोन लाकडं बाहेर ओढली आणि चहा घेऊन ओट्यावर गेले.

जालमसिंग बाजेवर बसले होते. मी म्हटलं, भावजी, तुम्हाला ही बंदूक फार दिवसांची हवी होती. त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "वहिनी, चोरायची तर आख्खी चोरली असती. नुसत्या नळ्या नेऊन मी काय बासरी वाजवू?"

तेही खरंच. शिवाय ते रात्रभर ओट्यावर झोपले होते, आणि डोंगरसिंग जागा राहिला तो त्यांच्या घोरण्यानंच. असं घोरणारा माणूस उठून आत गेला असता, तर शांततेनंच गाव जागं झालं असतं.

जाता जाता जालमसिंगांनी एक गोष्ट सांगितली. ही बंदूक शोभेची. उडवायचीच तर जुनी काळी दारू, तीही बेतानं. "आणि पाटील मीनाच्या लग्नात व्याह्यांना सांगत होते, कुठलंही काडतूस घाला, हत्ती पाडते. मी आपला मिशीत हसलो."

चुनीलालकडे मी चहा नेला नाही. तो चहा पीत नाही, मीठ कमी खातो आणि सगळ्या जगाला शस्त्रं टाकायला सांगतो. त्याला विचारलं तर तो उलट मलाच म्हणाला, वहिनी, मी असतो तर तिन्ही बंदुका तापीत सोडल्या असत्या, एकीच्या नळ्या काढून दुसऱ्या दोन कशाला ठेवू. मग हळूच विचारलं, "पण नळ्या काढतात कशा? करवतीनं कापाव्या लागतात ना?"

ज्यानं नळ्या काढल्या त्यानं खालचं लाकूड आधी सोडवलं होतं, मग बंदूक मोडून नळ्या उचलल्या होत्या, घोडे हलक्या हातानं उतरवले होते. जाणता हात होता. चुनीलालला घरातली खुंटी काढता येत नाही.

राहिले जावई. त्यांचा मान गेला होता, तेव्हा रुसून बसले असतील असं धरून मी लिंबाचं सरबत घेऊन माडीवर गेले.

जावई गाणं गुणगुणत होते.

३

ज्याचा पहिल्या दसऱ्याचा बार बुडाला, तो माणूस गुणगुणतो कसा? सकाळपासून त्यांचा चेहरा खुललेला होता हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मला पाहिल्याबरोबर त्यांनी तोंड पाडलं, पण उशीर झाला होता. मी सरबत पुढे केलं आणि जमिनीवर बसले. जावयासमोर सासू जमिनीवर बसली की जावयाला बोलावंच लागतं.

त्यांनी सांगितलं, वाईट वाटलं मामी, फार वाईट वाटलं. मी तर मामांसाठी काडतुसांची पेटी आणली होती, सुरतेहून. पेटी उघडून दाखवली. अगदी नवा माल. बिनधुराची दारू, जुनीपेक्षा दुप्पट जोर, असं दुकानदार म्हणाला म्हणे.

 काडतुसं माझ्या ताब्यात असतात, त्यामुळे एवढं मला कळतं. जुन्या पिळाच्या नळीत ही नवी दारू घातली तर ती नळी फुटेल. आणि फुटली की डावा हात जातो, कधी डोळाही जातो. ज्याचा हात नळीखाली असेल त्याचा.

"मामांनी ही पाहिली?"

"काल संध्याकाळीच दाखवली. एक काडतूस हातात घेतलं, फिरवून पाहिलं, आणि छान म्हणाले."

"आणखी काय म्हणाले?"

"काहीच नाही. छान म्हणाले आणि झोपायला गेले."

पाटील काडतूस हातात घेऊन एका शब्दात थांबले, हे संसारात मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांना काडतूस दाखवलं की पाहुण्याची गाडी चुकते.

मी खाली येऊन पुन्हा देवघरात गेले. पाटाजवळ बसले आणि उसाची दोन्ही कांडं उचलली. खाली पिवळे तांदूळ होते. अक्षता.

आता ज्याच्या घरी जशी रीत. आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्राला फूल वाहतात, हळदकुंकू लावतात. अक्षता नाही. अक्षता पडते ती दसऱ्याला, मांडलेली पूजा हलवताना. देवाची रजा घ्यायची, अक्षता टाकायची, मग शस्त्राला हात लावायचा. आणि या अक्षता उसाच्या वर नव्हत्या, खाली होत्या. म्हणजे ऊस ठेवण्याआधी, नळ्या उचलण्याआधी कुणीतरी रीतीनं रजा घेतली होती.

देवाची परवानगी काढून चोरी करणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता. म्हणजे, वाटत होतं की पाहिला नव्हता.

४

स्वयंपाकघरात आले तर पाटील आपणहून आले, पाणी प्यायला. मी मांडा हातावर फिरवत विचारलं, नळ्यांचं काय वाटतं. ते म्हणाले, नळ्या कुठं जातात, सापडतील उद्यापर्यंत. मी विचारलं, आणि डोंगरसिंग? ते तांब्यात पाहत म्हणाले, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, उद्या मी स्वतः जाऊन सोडवून आणतो.

"एक रात्र तुमची," मी म्हटलं. "त्याची एक रात्र जन्मभर पुरते."

 मांड्याला पुरण कमी दिसतं एवढं म्हणून ते निघून गेले. मी त्यांना वाट करून दिली होती. त्यांनी घेतली नाही.

मग मी हात धुतले आणि मागच्या कापसाच्या खोलीत गेले. पहिल्या वेचणीचा ढीग पडला होता, त्याला सणाचा कुणी हात लावणार नव्हतं. जाणता माणूस तेल लावलेल्या नळ्या विहिरीत टाकत नाही, कडब्यात खुपसत नाही. ओल लागेल, चरा पडेल. जिवापाड जपलेली वस्तू तो मऊ आणि कोरड्या जागी ठेवतो. मी कोपरापर्यंत हात घातला, सरकवला. बोटांना थंडगार लोखंड लागलं. मी ते तिथंच राहू दिलं.

पंगत बसली. पाटावर हवालदार, जालमसिंग, चुनीलाल, जावई, पाटील. डोंगरसिंग बाहेर ओट्यावर, त्याच्या शेजारी हवालदाराची काठी. मीनानं मीठ वाढलं, भाजी वाढली, मांडे वाढले. तूप माझ्या हातात होतं. तूप वाढल्याशिवाय आमच्याकडे कुणी घास उचलत नाही. मी तुपाचं भांडं घेऊन मध्येच उभी राहिले.

हवालदार म्हणाला, पाटलीणबाई, वाढा की. मी म्हटलं, वाढते, आधी चोर सांगते.

मग एकेकाला सोडवलं. चुनीलालला नळ्या कापाव्या लागतात असं वाटतं, तो सुटला. जालमसिंग रात्रभर ओट्यावर घोरत होते, साक्षीला डोंगरसिंगची झोपमोड. जावयांच्या घरी नवापूरला दसऱ्याला तराजू पुजतात. बंदुकीच्या पूजेची रजा कशी घ्यायची हे त्यांना माहीत नाही. डोंगरसिंग इतकी वर्षं माजघराचा उंबरा ओलांडून आत आलेला नाही, तो रिवाज चांगला की वाईट ते आज ठरवू, पण आमच्या देवघरात अक्षता कुठं असतात हे त्याला ठाऊक नाही. आणि उसाखाली अक्षता पडल्यात. या घरच्या शस्त्राला या घरच्या देवाकडून रजा मिळते ती एकाच माणसाच्या हातानं. तो माणूस आज सर्वांआधी उठला, आंघोळ करून नवा कोट घातला. पेटीतून सकाळी काढलेल्या कोटाला कापूस लागला, सणाच्या दिवशी, जेव्हा कापसाच्या खोलीत कुणी जात नाही. तो कापूस मीच झटकला, आणि तेव्हा मला अक्कल आली नाही.

हवालदार मांडा विसरला. "नाव सांगा, पाटलीणबाई."

"तेवढंच जमत नाही," मी म्हटलं. "आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही."

५

आधी जालमसिंग हसले. मग सगळ्यांनी पाटलांकडे पाहिलं, आणि पाटलांनी ताटातल्या मिठाकडे.

मला वाटलं होतं रागावतील. रागावले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि जावयाकडे तोंड करून बोलले. "जावईबापू, तुमच्या काडतुसानं ती नळी फुटली असती. तुमचा हात गेला असता. लग्नात मी तुमच्या वडलांना म्हणालो कुठलंही काडतूस चालतं, ते खोटं होतं. तुम्ही भेट आणलेली परत कशी करू, आणि खोटं बोललो हे कसं सांगू, ते रात्रभर सुचलं नाही. म्हणून नळ्या लपवल्या, आणि फडकं खाली बसू नये म्हणून ऊस ठेवला. वेशीवर निघताना फडकं मीच उचलणार होतो. उद्या कापसात सापडल्या म्हणालो असतो."

जावयाला नाही म्हणायचं नाही, ही आमची रीत. त्या रीतीपायी शहाण्या माणसानं स्वतःच्याच घरी चोरी केली, आणि भोगायला तिसराच बसला.

 जावयांनी मोठा श्वास सोडला. "मामा, खरं सांगू? मी जन्मात बंदूक धरलेली नाही. मीनाला सांगितलं होतं वाघ मारलाय.  सकाळी नळ्या गेल्याचं ऐकलं आणि जीव भांड्यात पडला."

मीना भाजीच्या भांड्यामागे तोंड लपवून हसली. वाघाबद्दल तिचं नवऱ्याशी पुढे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण त्यानंतर नवापूरला वाघाची गोष्ट कुणी ऐकली नाही.

हवालदारानं विचारलं, मग मी आता कुणाला न्यायचं. मी म्हटलं, स्वतःची वस्तू स्वतःच्या कापसात ठेवली तर कुठलं कलम लागतं ते आठवून ठेवा, तोवर मांडा गार होतोय. तो डोकं खाजवत जेवायला बसला. ओट्यावरची काठी मी स्वतः आणून त्याच्या मागे भिंतीला टेकवली. मग बाहेर जाऊन डोंगरसिंगला हात धरून आत आणलं. तो उंबऱ्याशी थांबला. मी थांबले नाही. त्याचं पान पाटलांच्या शेजारी मांडलं आणि पहिलं तूप त्याच्या मांड्यावर ओतलं. चुनीलालला इतका आनंद झाला की त्यानं मीठ मागून घेतलं.

दुपार कलल्यावर पाटलांनी नळ्या कापसातून काढल्या, फडक्यानं पुसल्या, एकेक नळी डोळ्यासमोर धरून आतून उजेड पाहिला, बोटानं बाहेरून चाचपल्या. मग बंदूक जोडली आणि मोडून खांद्यावर टाकली. काडतुसं मी पिंपामागून काढून दिली, काळ्या दारूची, दोनच. सुरतेची पेटी परत जावयांच्या ट्रंकेत गेली, नव्या बंदुकीला वापरा म्हणून.

वेशीवर बार जावयांनीच काढला. पाटील मागे उभे. दस्ता खांद्यात घट्ट, पाय फाकवून, समोर माणूस नाही, जनावर नाही, नुसतं तापीचं पात्र. जावयांनी डोळे मिटून चाप ओढला. धूर असा उठला की आम्हाला आमचा जावईच दिसेना, फक्त खोकला ऐकू आला. सगळं गाव हसलं, तेही हसले. त्यांच्या हातांची दहाही बोटं जागेवर होती, आणि मीना ती मोजल्यासारखी पाहत होती.

मग सोनं लुटलं. आमच्याकडे आपट्याची पानं घेऊन लोक पाटलांकडे येतात, पाटील कुणाकडे जात नाहीत. त्या दिवशी लोक वाट पाहत उभे राहिले आणि पाटील डोंगरसिंगकडे चालत गेले. पान त्याच्या हातावर ठेवलं, आणि सगळ्या गावादेखत वाकले. आणि तसेच वाकून राहिले.

डोंगरसिंगनं त्यांना खांद्याला धरून उभं केलं. पानाकडे पाहिलं, पाटलांकडे पाहिलं.

"मालक," तो म्हणाला, "पुढला सालले चोरी करनी व्हई तं मले पहिले सांगा. मी सुट्टीवर जासू."